पार्किन्सन आजारातील पुनर्वसन उपचार

पार्किन्सन आजारातील पुनर्वसन उपचार म्हणजे कंपवात अर्थात पार्किन्सन आजार झालेल्या व्यक्तीची हालचाल, तोल, वाणी, गिळण्याची क्रिया आणि दैनंदिन स्वावलंबन शक्य तितका काळ टिकवून ठेवण्यासाठी केले जाणारे औषधेतर उपचार होत. त्यांत प्रामुख्याने भौतिकोपचार (फिजिओथेरपी), व्यवसायोपचार (ऑक्युपेशनल थेरपी) आणि वाचा व गिळणे यांवरील उपचारांचा समावेश होतो. आहारसल्ला, मानसोपचार आणि काळजीवाहकांचे प्रशिक्षण ही त्यांची पूरक अंगे आहेत. हे उपचार औषधांना पर्याय नसून त्यांच्या जोडीने करावयाचे असतात. कोणत्या रुग्णाला, आजाराच्या कोणत्या टप्प्यावर, कोणता उपचार किती प्रमाणात द्यावा, याविषयी संशोधनाच्या आधारे तयार केलेल्या शिफारशींना 'मार्गदर्शक तत्त्वे' असे म्हणतात. नेदरलँड्स, ब्रिटन आणि अमेरिका या देशांतील व्यावसायिक व शासकीय संस्थांनी अशी तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत.

पार्श्वभूमी

लंडनमधील वैद्य जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये कंपयुक्त पक्षाघातावर एक निबंध लिहून या आजाराचे पहिले सुसंगत वर्णन केले. पुढे फ्रेंच मेंदूविकारतज्ज्ञ झाँ-मार्तँ शार्को यांनी आजाराला त्यांचे नाव दिले. पार्किन्सन यांचा जन्मदिवस, ११ एप्रिल, हा जागतिक पार्किन्सन दिन म्हणून पाळला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगात ८५ लाखांहून अधिक लोकांना हा आजार होता.

मेंदूच्या तळाशी असलेल्या कृष्णद्रव्य नावाच्या भागातील पेशी हळूहळू नष्ट होतात आणि त्या पेशींत तयार होणारे डोपामिन हे रसायन कमी पडू लागते. त्यामुळे हालचालींतील मंदपणा, स्नायूंचा ताठरपणा, विश्रांतीच्या स्थितीत होणारा हाताचा कंप आणि कालांतराने तोल जाणे ही लक्षणे दिसतात. बद्धकोष्ठता, वास न येणे, झोपेचे विकार, नैराश्य, उभे राहताच रक्तदाब उतरणे अशी हालचालींशी संबंध नसलेली लक्षणेही या आजाराचाच भाग असतात.

शरीरात डोपामिनमध्ये रूपांतरित होणारे लेव्होडोपा हे द्रव्य १९६० च्या दशकात उपचारांत आले आणि आजही ते मुख्य औषध आहे. खाजकुहिलीच्या बियांत हे द्रव्य असते, हे मद्रास येथील संशोधकांनी १९३७ मध्ये दाखवून दिले होते. लेव्होडोपामुळे मंदपणा व ताठरपणा बराच कमी होतो. मात्र तोल जाणे, चालताना पाय जागीच खिळणे, बोलणे अस्पष्ट होणे आणि गिळताना ठसका लागणे या तक्रारींवर त्याचा परिणाम अनेकदा अपुरा ठरतो. पडणे, हाड मोडणे आणि अन्न श्वासनलिकेत गेल्याने होणारा न्यूमोनिया हे या आजारातील मोठे धोके नेमके याच तक्रारींतून उद्भवतात. पुनर्वसन उपचारांची गरज येथे निर्माण होते.

पुनर्वसनाचे तत्त्व

चालणे, खुर्चीतून उठणे, कुशीवर वळणे, सदऱ्याची बटणे लावणे या क्रिया निरोगी माणूस फारसा विचार न करता करतो. वर्षानुवर्षांच्या सवयीने त्या आपोआप घडतात. अशा सवयीच्या हालचाली सुरू करणे आणि त्यांचा आवाका योग्य राखणे हे काम मेंदूच्या ज्या यंत्रणेकडे असते, तीच पार्किन्सन आजारात दुर्बल होते. परिणामी पावले लहान पडतात, अक्षर बारीक होत जाते, आवाज खाली जातो आणि चेहऱ्यावरील भाव मावळतात. रुग्णाला स्वतःला मात्र आपण नेहमीसारखेच चालतो-बोलतो आहोत असे वाटत असते.

ही आपोआप चालणारी यंत्रणा अडली, तरी लक्षपूर्वक व हेतुपूर्वक हालचाल करण्याचा मार्ग बऱ्याच प्रमाणात शाबूत असतो. सपाट फरशीवर अडखळणारा रुग्ण जिना चढताना पुष्कळदा सहज पावले टाकतो, कारण प्रत्येक पायरी त्याला डोळ्यांनी दिसणारे लक्ष्य पुरवते. पुनर्वसनातील अनेक पद्धती या निरीक्षणावर उभ्या आहेत. याशिवाय नियमित व्यायामाने हृदय, फुप्फुसे व स्नायू यांची क्षमता टिकते आणि 'हालचाल कठीण म्हणून बैठेपणा, बैठेपणामुळे आणखी अशक्तपणा' हे दुष्टचक्र रोखले जाते.

प्रमुख मार्गदर्शक तत्त्वे

नेदरलँड्समधील भौतिकोपचारतज्ज्ञांच्या शाही संघटनेने २००४ मध्ये पार्किन्सन आजारासाठी भौतिकोपचाराची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्याच सुमारास निमेगेन येथील मेंदूविकारतज्ज्ञ बास्तियान ब्लूम आणि संशोधक मार्टेन मुनेके यांनी 'पार्किन्सननेट' हे जाळे सुरू केले. या आजाराचे विशेष प्रशिक्षण घेतलेले उपचारतज्ज्ञ रुग्णाला घराजवळ मिळावेत, हा त्यामागील हेतू होता. डच तत्त्वांचा विस्तार करून, युरोपातील अनेक देशांच्या भौतिकोपचार संघटनांच्या सहकार्याने, २०१४ मध्ये युरोपीय मार्गदर्शक तत्त्वे तयार झाली. त्यांत शारीरिक क्षमता, जागा व स्थिती बदलण्याच्या क्रिया, हातांची कामे, तोल आणि चाल ही पाच कार्यक्षेत्रे मुख्य मानली आहेत. वेदना व श्वसन यांचाही विचार केला आहे.

ब्रिटनमधील 'नाइस' या संस्थेची सुधारित तत्त्वे जुलै २०१७ मध्ये आली. आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यातच रुग्णाला पार्किन्सनचा अनुभव असलेल्या भौतिकोपचारतज्ज्ञाकडे मूल्यमापनासाठी, माहितीसाठी व सल्ल्यासाठी पाठवण्याचा विचार करावा, असे त्यांत सुचवले आहे. तोल किंवा हालचालींची अडचण असलेल्यांसाठी विशेष भौतिकोपचार, दैनंदिन कामांत अडचण असलेल्यांसाठी व्यवसायोपचार आणि बोलण्या-गिळण्याच्या तक्रारींसाठी वाचा-उपचार द्यावा, अशा स्वतंत्र शिफारशीही आहेत.

अमेरिकेतील भौतिकोपचार संघटनेने २०२२ मध्ये आपली तत्त्वे प्रसिद्ध केली. दमश्वासाचे म्हणजे एरोबिक व्यायाम, भारविरोधी व्यायाम, तोलाचे प्रशिक्षण, बाह्य संकेतांचा वापर, चालण्याचे प्रशिक्षण, विशिष्ट कामाचा सराव आणि समूहात केले जाणारे व्यायाम यांना त्यांत ठाम पाठिंबा आहे. केवळ ताण देण्याच्या व्यायामांची शिफारस मात्र तुलनेने सौम्य आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुनर्वसन उपचारसंचातही पार्किन्सन आजाराचा समावेश केला आहे.

टप्प्यानुसार उद्दिष्टे

आजाराची तीव्रता मोजण्यासाठी मार्गारेट होन आणि मेल्विन यार यांनी १९६७ मध्ये मांडलेली पाच टप्प्यांची श्रेणी सर्वत्र वापरली जाते. पहिल्या टप्प्यात शरीराच्या एकाच बाजूला लक्षणे असतात. दुसऱ्यात ती दोन्ही बाजूंना दिसतात, पण तोल शाबूत असतो. तिसऱ्यात तोल बिघडतो, तरी व्यक्ती स्वावलंबी असते. चौथ्यात अपंगत्व तीव्र असले तरी आधाराशिवाय उभे राहता किंवा चालता येते. पाचव्या टप्प्यात मदत नसल्यास व्यक्ती चाकाच्या खुर्चीला अथवा अंथरुणाला खिळते.

पहिल्या दोन टप्प्यांत बैठेपणा टाळणे, शारीरिक क्षमता वाढवणे आणि पडण्याची अनाठायी भीती दूर करणे ही उद्दिष्टे असतात. दुसऱ्या ते चौथ्या टप्प्यांत चाल, तोल, उठणे-बसणे व हातांची कामे टिकवण्यावर भर दिला जातो. पाचव्या टप्प्यात अंथरुणातील व खुर्चीतील योग्य स्थिती, शय्याव्रण टाळणे, सांधे आखडू न देणे, छातीत कफ साठू न देणे आणि काळजीवाहकाला सुरक्षितपणे उचलण्या-हलवण्याचे तंत्र शिकवणे यांना महत्त्व येते. सुरुवातीचे उद्दिष्ट पुढील टप्प्यांतही कायम राहते, फक्त त्याचे स्वरूप बदलते.

मूल्यमापन

उपचारांचा आराखडा आखण्यापूर्वी तज्ज्ञ रुग्णाला कोणती कामे जड जातात, तो केव्हा व कोठे पडतो आणि त्याला स्वतःला काय साध्य करायचे आहे, हे जाणून घेतात. देवळापर्यंत एकट्याने जाता यावे, नातवंडाला पत्र लिहिता यावे, पाहुण्यांसमोर न सांडता जेवता यावे, अशी ठोस उद्दिष्टे उपचारांना दिशा देतात.

खुर्चीतून उठून ३ मीटर चालत जाऊन परत येऊन बसण्यास लागणारा वेळ, १० मीटर अंतरातील चालण्याचा वेग, ६ मिनिटांत कापलेले अंतर आणि पाच वेळा उठबस करण्यास लागणारा वेळ या चाचण्या साध्या असून त्यांना महागडी उपकरणे लागत नाहीत. पडण्याचा धोका ओळखण्यासाठी तीन गोष्टी विशेष उपयोगी ठरल्या आहेत : गेल्या वर्षभरात पडण्याचा प्रसंग, गेल्या महिन्यात पाय खिळण्याचा अनुभव आणि चालण्याचा नेहमीचा वेग सेकंदाला १.१ मीटरपेक्षा कमी असणे.

औषधाचा अंमल असतानाची 'ऑन' अवस्था आणि तो उतरल्यानंतरची 'ऑफ' अवस्था यांत एकाच रुग्णाच्या हालचालींत मोठा फरक पडतो. म्हणून चाचणी कोणत्या अवस्थेत घेतली, शेवटची गोळी केव्हा घेतली होती, याची नोंद ठेवणे आवश्यक असते. तशी नोंद नसल्यास दोन भेटींतील तुलना फसवी ठरते.

भौतिकोपचार

व्यायामाचे प्रकार व प्रमाण : अमेरिकेतील पार्किन्सन्स फाउंडेशन आणि क्रीडावैद्यक महाविद्यालय यांनी २०२१ मध्ये संयुक्तपणे दिलेल्या शिफारशींनुसार आठवड्यातून किमान ३ दिवस, दर वेळी ३० मिनिटे, मध्यम ते अधिक तीव्रतेचा दमश्वासाचा व्यायाम करावा. जलद चालणे, सायकल चालवणे, पोहणे ही त्याची उदाहरणे होत. स्नायूंचे बळ वाढवणारे व्यायाम आठवड्यातून २ ते ३ दिवस, मध्ये एक दिवस सोडून करावेत. तोल, चपळता आणि एकाच वेळी दोन कामे करण्याचा सराव आठवड्यातून २ ते ३ दिवस असावा. ताण देण्याचे व्यायाम शक्य तर रोज करावेत. पार्किन्सन आजारात शरीर पुढे वाकत जाते, त्यामुळे पाठ, छाती, पोटऱ्या व मांडीच्या मागील स्नायूंना ताण देण्यावर भर असतो.

बाह्य संकेत : चालताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे होणे हे या आजारातील एक त्रासदायक लक्षण आहे. ते दारातून जाताना, वळताना, अरुंद जागेत किंवा घाईत असताना अधिक जाणवते. अशा वेळी बाहेरून दिलेला ठेका किंवा दिसणारी खूण उपयोगी पडते. मेट्रोनोमचा ठोका, मनात मोजलेले आकडे किंवा टाळीचा ताल हे श्राव्य संकेत होत. फरशीवर आडव्या चिकटवलेल्या रंगीत पट्ट्या हे दृश्य संकेत होत. कोणता संकेत लागू पडतो, हे व्यक्तीनुसार ठरते आणि तज्ज्ञाच्या देखरेखीखाली पडताळून पाहावे लागते.

पाय खिळल्यावर प्रथम थांबावे, सरळ उभे राहून श्वास घ्यावा, वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर हळूहळू न्यावे आणि मग ठरवून एक मोठे पाऊल टाकावे, असा क्रम शिकवला जातो. सोबतच्या माणसाने अशा वेळी रुग्णाचा हात पुढे ओढू नये. तसे केल्यास धड पुढे जाते, पाय मागे राहतात आणि तोल जातो.

क्रियांची विभागणी : खुर्चीतून उठण्यासारखी क्रिया टप्प्यांत विभागून शिकवली जाते. खुर्चीच्या कडेपर्यंत पुढे सरकणे, टाचा मागे घेणे, दोन्ही पावलांत अंतर ठेवणे, धड पुढे झुकवणे आणि मग उठणे, असा हा क्रम आहे. प्रत्येक टप्पा मनात म्हणत करावा, असे सांगितले जाते. कुशीवर वळण्यासाठी गुडघे मोडून प्रथम डोके, मग हात व खांदे आणि नंतर कंबर फिरवण्याचा सराव केला जातो. वळताना एका पायावर गर्रकन न फिरता अर्धवर्तुळात, पावले टाकत वळावे, असा सल्ला दिला जातो.

तोल व पडणे : उभे राहून वजन सरकवणे, वेगवेगळ्या दिशांना पावले टाकणे, अडथळे ओलांडणे यांचा सराव आधार हाताशी ठेवून केला जातो. सौम्य ते मध्यम तीव्रतेच्या आजारात व्यायामाने पडण्याचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांशाने घटते, असा निष्कर्ष कॉक्रेन या संस्थेच्या २०२२ मधील समीक्षेत काढला आहे. अमेरिकेतील ओरेगन येथे १९५ रुग्णांवर केलेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, आठवड्यातून दोनदा २४ आठवडे ताई ची हा चिनी व्यायामप्रकार करणाऱ्यांचा तोल केवळ ताण देण्याचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा अधिक सुधारल्याचे दिसले.

नृत्य : न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे मार्क मॉरिस नृत्यसंस्थेने २००१ मध्ये पार्किन्सनच्या रुग्णांसाठी नृत्यवर्ग सुरू केले. संगीताचा ताल, पाहून अनुकरण करण्याजोगी हालचाल आणि समूहाची सोबत या तिन्ही गोष्टी नृत्यात एकत्र मिळतात. पुण्यात नृत्यदिग्दर्शक हृषीकेश पवार यांनी असे वर्ग चालवले आहेत.

व्यवसायोपचार

व्यवसायोपचारात रुग्णाची रोजची कामे, घर आणि साधने यांचा मेळ घालण्याचा प्रयत्न असतो. जाड मुठीचा चमचा, उभ्या कडेचे ताट, बटणांऐवजी चिकटपट्टीचे कपडे, नाडीऐवजी इलॅस्टिक, बसून अंघोळ करण्यासाठी स्टूल अशा साध्या बदलांनी पुष्कळ कामे पुन्हा स्वतःची स्वतः करता येतात. लिहिताना अक्षर बारीक होत असल्यास दुरेघी वह्या वापरून, रेघेला रेघ टेकवत मोठे अक्षर काढण्याचा सराव दिला जातो. येथे छापील रेघ दृश्य संकेताचे काम करते.

घरातील सुटी पायपुसणी व सतरंज्या काढणे, वायरी भिंतीलगत नेणे, उंबरठ्याला ठळक रंग देणे, शयनगृहापासून शौचालयापर्यंत रात्री मंद दिवा ठेवणे, न्हाणीघरात भिंतीला दांडे बसवणे आणि घसरणारी फरशी टाळणे हे बदल पडण्याचा धोका कमी करतात. भारतीय घरांत जमिनीवर बसून जेवणे आणि उकिडवे बसून शौचास जाणे या सवयींचाही विचार करावा लागतो. उठणे अवघड झालेल्या रुग्णासाठी उंच बैठकीचा कमोड आणि हात असलेली भक्कम खुर्ची सुचवली जाते.

थकवा आणि औषधाचा अंमल लक्षात घेऊन दिवसाचे वेळापत्रक आखणे हाही व्यवसायोपचाराचा भाग आहे. अंघोळ, बाहेर जाणे, बँकेचे काम अशी कष्टाची कामे 'ऑन' अवस्थेत ठेवली जातात. चालताना बोलणे किंवा हातात चहाचा कप घेऊन जाणे यांसारखी दुहेरी कामे धोक्याची ठरत असतील, तर ती एकामागून एक करण्याची सवय लावली जाते.

वाचा व गिळणे यांवरील उपचार

पार्किन्सनच्या रुग्णाचा आवाज खाली जातो, सुरांतील चढउतार कमी होतात आणि शब्द एकमेकांत मिसळतात. घरच्यांना 'काय म्हणालात?' असे वारंवार विचारावे लागते आणि कंटाळून रुग्ण हळूहळू बोलणेच सोडतो. यावर लॉरेन रॅमिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत १९८० च्या दशकात 'ली सिल्व्हरमन' ही आवाजोपचार पद्धती विकसित केली. तिला एका रुग्ण महिलेचे नाव दिलेले आहे. आठवड्यातून ४ याप्रमाणे ४ आठवड्यांत सुमारे एक तासाची १६ सत्रे आणि घरी रोजचा सराव, असे तिचे स्वरूप आहे. 'मोठ्याने बोला' ही एकच सूचना तिच्या केंद्रस्थानी असते. रुग्णाला स्वतःला ओरडल्यासारखा वाटणारा आवाज ऐकणाऱ्याला सर्वसाधारण वाटतो, ही जाणीव सरावाने रुजवली जाते. ब्रिटनमधील ३८८ रुग्णांवर केलेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ही पद्धती नेहमीच्या वाचा-उपचारांपेक्षा अधिक परिणामकारक ठरली.

जेवताना वारंवार ठसका लागणे, पाणी प्यायल्यावर आवाज ओलसर येणे, घास तोंडात बराच वेळ राहणे, वजन घटणे आणि पुन्हा पुन्हा छातीत संसर्ग होणे ही गिळण्यातील बिघाडाची चिन्हे आहेत. ती दिसताच तज्ज्ञांकडून तपासणी करणे अगत्याचे असते. ताठ बसून जेवणे, लहान घास व लहान घोट घेणे, जेवताना न बोलणे आणि जेवणानंतर काही वेळ न आडवे होणे ही सामान्य पथ्ये आहेत. द्रवपदार्थ घट्ट करणे किंवा मानेची विशिष्ट स्थिती ठेवणे हे उपाय मात्र तपासणीनंतरच योजले जातात, कारण ते सर्वांना लागू पडत नाहीत.

आहार आणि औषधांच्या वेळा

लेव्होडोपा आणि अन्नातील प्रथिने यांचे घटक आतड्यातून शोषले जाताना एकमेकांशी स्पर्धा करतात. म्हणून गोळी सामान्यतः जेवणाच्या सुमारे अर्धा तास आधी घेण्यास सांगितले जाते. औषधाच्या परिणामात चढउतार होत असलेल्या रुग्णांनी दिवसातील बहुतांश प्रथिने शेवटच्या मुख्य जेवणात घेण्याचा विचार करावा, असे 'नाइस'च्या तत्त्वांत सुचवले आहे. याचा अर्थ डाळी, दूध किंवा अंडी वर्ज्य करणे असा नाही. प्रथिने एकूण कमी झाल्यास स्नायू क्षीण होतात आणि व्यायामाचा हेतूच विफल होतो.

गोळ्यांच्या वेळा काटेकोरपणे पाळणे हे पुनर्वसनाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. ब्रिटनमधील गुणवत्ता निकषानुसार, रुग्णालयात दाखल असलेल्या पार्किन्सनच्या रुग्णाला लेव्होडोपा ठरलेल्या वेळेच्या ३० मिनिटांच्या आत मिळाले पाहिजे. हे औषध अचानक बंद केल्यास जीवघेणी गुंतागुंत होऊ शकते.

सुरक्षितता

उभे राहिल्यानंतर ३ मिनिटांच्या आत वरचा रक्तदाब २० किंवा खालचा रक्तदाब १० अंकांनी उतरत असेल, तर चक्कर येऊन पडण्याचा धोका असतो. अशा रुग्णाने अंथरुणातून उठताना आधी काही वेळ काठावर बसावे आणि मगच उभे राहावे. काही रुग्णांत हृदयाची गती व्यायामाबरोबर अपेक्षेइतकी वाढत नाही. त्यामुळे व्यायामाची तीव्रता केवळ नाडीवरून न ठरवता, जाणवणाऱ्या श्रमावरूनही ठरवली जाते. हृदयविकार असलेल्यांनी तीव्र व्यायामापूर्वी वैद्यकीय तपासणी करून घेणे आवश्यक असते.

मेंदूत विद्युत्प्रवाह देणारे उपकरण शस्त्रक्रियेने बसवलेल्या रुग्णांना डायथर्मी हा शेक देणारा उपचार कोणत्याही अवयवावर देऊ नये. त्यातील ऊर्जा उपकरणाच्या तारांतून मेंदूपर्यंत पोहोचून गंभीर इजा होऊ शकते. गुडघेदुखी किंवा पाठदुखीसाठी भौतिकोपचार केंद्रात जाणाऱ्या अशा रुग्णाने शस्त्रक्रियेची माहिती आधीच देणे अत्यावश्यक आहे.

मानसिक आरोग्य आणि काळजीवाहक

नैराश्य, चिंता आणि औदासीन्य ही या आजाराची लक्षणे आहेत. त्यांना रुग्णाचा आळस किंवा हट्ट समजणे ही सर्रास आढळणारी चूक आहे. चेहऱ्यावरील भाव कमी झाल्यामुळे आनंद झालेली व्यक्तीही इतरांना निर्विकार वाटते आणि त्यातून कुटुंबात गैरसमज होतात. आजार वाढत जातो तशी स्मरणशक्ती व निर्णयशक्तीही काहींमध्ये मंदावते. अशा रुग्णांना एका वेळी एकच, छोटी सूचना देणे उपयुक्त ठरते.

काळजीवाहक हा बहुधा घरातीलच, अनेकदा स्वतःही वयस्कर असलेला जोडीदार असतो. रुग्णाचे प्रत्येक काम आपणच करून टाकणे वेळ वाचवणारे असले, तरी त्याने रुग्णाचा सराव थांबतो. काम त्याला करू द्यावे, पुरेसा वेळ द्यावा आणि अडल्यावर मदत करावी, असे काळजीवाहकाला शिकवले जाते. त्याची स्वतःची विश्रांती आणि आरोग्य यांचीही दखल घ्यावी, असे मार्गदर्शक तत्त्वे सांगतात.

पुराव्याचे स्वरूप व मतभेद

पुनर्वसनाच्या उपयुक्ततेविषयीचे सर्व निष्कर्ष एकसारखे नाहीत. ब्रिटनमध्ये सौम्य ते मध्यम आजार असलेल्या ७६२ रुग्णांवर केलेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, भौतिकोपचार व व्यवसायोपचार यांच्या मोजक्या सत्रांमुळे दैनंदिन कामांत किंवा जीवनमानात लक्षणीय फरक पडला नाही. यावरून हे उपचार निरुपयोगी आहेत असा अर्थ काहींनी काढला. इतर अभ्यासकांच्या मते, त्या चाचणीतील उपचारांची मात्रा फार कमी होती आणि अल्प मात्रेत, व्यक्तीच्या गरजेकडे न पाहता दिलेला उपचार पुरेसा नसतो, एवढेच तीवरून सिद्ध होते.

पुढील काळात तीव्र व्यायामाचा अभ्यास वाढला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत, हृदयगती कमाल मर्यादेच्या ८० ते ८५ टक्क्यांपर्यंत नेणारा ट्रेडमिलवरील व्यायाम नव्याने निदान झालेल्या रुग्णांना सुरक्षितपणे करता येतो, असे आढळले. नेदरलँड्समध्ये २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, घरी स्थिर सायकल चालवणाऱ्यांची हालचालींची लक्षणे ६ महिन्यांनंतर तुलनागटापेक्षा सौम्य राहिली होती. व्यायामाने मेंदूतील पेशींचा नाश प्रत्यक्ष मंदावतो की नाही, हा प्रश्न मात्र अद्याप अनिर्णित आहे. कॉक्रेनच्या २०२३ मधील समीक्षेत दीडशेहून अधिक चाचण्यांचा आढावा घेतला आहे. बहुतेक प्रकारच्या व्यायामांनी लाभ होतो आणि त्यांपैकी एखादाच प्रकार इतरांपेक्षा स्पष्टपणे सरस आहे असे म्हणता येत नाही, असा तिचा सारांश आहे. त्यामुळे रुग्णाला आवडेल आणि जो सातत्याने होईल, असा व्यायाम निवडणे तज्ज्ञ इष्ट मानतात.

भारत व महाराष्ट्र

मुंबईतील पारशी समाजाची घरोघरी पाहणी करून भरुचा व सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या आजाराचे प्रमाण दर लाख व्यक्तींमागे सुमारे ३२८ आढळले होते. हे प्रमाण बरेच जास्त होते. त्या समाजात वृद्धांची संख्या अधिक असणे हेही त्यामागील एक कारण मानले जाते.

मुंबईत २००१ मध्ये मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. बी. एस. सिंघल यांच्या पुढाकाराने 'पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी' ही संस्था स्थापन झाली. ती आधारगट चालवते आणि व्यायाम, वाचा-उपचार व समुपदेशन यांची सोय करते. पुण्यातील 'पार्किन्सन्स मित्रमंडळ' हा रुग्ण व शुभंकर यांचा स्वमदत गट असून तेथे व्याख्याने, सहली व एकत्र व्यायाम असे उपक्रम होतात. काळजीवाहकासाठी वापरला जाणारा 'शुभंकर' हा शब्द मराठी स्वमदत गटांमध्ये चांगलाच रुळला आहे.

अपंग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ या केंद्रीय कायद्याच्या परिशिष्टात दीर्घकालीन चेताविकारांमध्ये पार्किन्सन आजाराचा उल्लेख आहे. त्यामुळे ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व प्रमाणित झालेल्या रुग्णाला कायद्यातील सवलतींसाठी अर्ज करता येतो.

विशेष प्रशिक्षण घेतलेले उपचारतज्ज्ञ मुख्यतः मोठ्या शहरांत असल्याने ग्रामीण भागातील रुग्णाला अनेकदा केवळ गोळ्यांवर अवलंबून राहावे लागते. पुष्कळांना भौतिकोपचाराचा सल्ला पहिल्यांदा मिळतो तो पडून हाड मोडल्यानंतरच. निदान होताच पुनर्वसनाकडे वळावे, ही मार्गदर्शक तत्त्वांची मुख्य शिफारस अशा ठिकाणी विशेष महत्त्वाची ठरते. एकदा तज्ज्ञांकडून मूल्यमापन करून घेतल्यावर त्यांतील बराचसा भाग, म्हणजे जलद चालणे, उठबस करण्याचा सराव, फरशीवरील पट्ट्या, मोठ्याने वाचन आणि गोळ्यांच्या वेळांची नोंद, घरच्या घरी आणि अल्प खर्चात करता येण्याजोगा आहे.